डोंगरकडे लीलया चढणाऱ्या लुईस ट्रेंकरला देश निवडताना मात्र घाम फुटला

इन्स्टाग्रामवर हा फोटो तुमच्याही नजरेखालून गेला असेल. एका बाजूला हिरवागार गवताचा उतार आणि दुसऱ्या बाजूला कोयत्याने सपकन छाटल्यासारखे उभे, टोकदार सुळके. खाली ढग आणि धारेवर मुंगीएवढी दिसणारी माणसं.

त्या जागेचं नाव सेचेदा. इटलीच्या उत्तर टोकाला डोलोमाइट्स नावाची डोंगररांग आहे, तिथल्या वाल गार्देना या खोऱ्याच्या डोक्यावर ही धार आहे. आज तिथं रोपवेने पोहोचता येतं. उन्हाळ्यात ट्रेकिंग, हिवाळ्यात स्कीइंग आणि बारा महिने फोटो असा तिथला कार्यक्रम असतो.

पण रील आणि ड्रोन नव्हते, तेव्हा हे डोंगर लोकांना घरबसल्या दाखवणारा एक गडी याच खोऱ्यात जन्माला आला होता. तो गाईड होता, सैनिक होता, आर्किटेक्ट होता. ऑलिंपिकमध्ये उतरला, सिनेमाचा हिरो झाला, डायरेक्टर झाला. हिटलर आणि मुसोलिनी या दोघांच्याही राजवटीत त्याच्या सिनेमांचं कौतुक झालं.

आणि नेमकं तिथंच त्याचं गणित फसलं.

त्याचं नाव लुईस ट्रेंकर.

त्याची गोष्ट समजून घ्यायची, तर आधी हे खोरं समजून घ्यावं लागतं.

वाल गार्देना हे जेमतेम २५ किलोमीटर लांबीचं खोरं. त्यात ऑर्तिसेई, सांता क्रिस्तिना आणि सेल्वा ही तीन मुख्य गावं. पण यातल्या प्रत्येक गावाला तीन-तीन नावं आहेत. ऑर्तिसेई हे इटालियन नाव. जर्मन बोलणारे त्याच गावाला सांक्त उलरिख म्हणतात. आणि गावातली जुनी माणसं आपसात बोलताना उर्तिजैई म्हणतात.

हे तिसरं नाव लादिन भाषेतलं.

इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास रोमन सैन्याने आल्प्सचा हा भाग जिंकला. रोमनांची बोलीभाषेतली लॅटिन आणि डोंगरातल्या मूळ लोकांची बोली यांची सरमिसळ झाली आणि त्यातून लादिन तयार झाली. पुढे उत्तरेकडून जर्मन आली, दक्षिणेकडून इटालियन आली. मधल्या उंच खोऱ्यांत मात्र ही भाषा टिकून राहिली. आज डोलोमाइट्समधल्या पाच खोऱ्यांत मिळून साधारण तीस हजार लोक लादिन बोलतात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या छोट्या तालुक्याच्या गावाइतके.

इथला हिवाळा लांबलचक. शेत बर्फाखाली गेलं की करायचं काय, म्हणून गार्देनाचे शेतकरी लाकूड कोरायला बसायचे. संतांच्या मूर्ती, खेळणी, बाहुल्या. फिरते विक्रेते हा माल पाठीवर घेऊन युरोपभर हिंडायचे. १७ व्या शतकापासून चालत आलेली ही कला आजही या खोऱ्याची ओळख आहे.

अशा गावात ४ ऑक्टोबर १८९२ ला ट्रेंकरचा जन्म झाला. तेव्हा हा सगळा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील चित्रकार आणि लाकडावर कोरीव काम करणारे, ते जर्मन बोलायचे. आई याच खोऱ्यातली, ती लादिन बोलायची. त्यामुळे पोरगा दोन भाषा बोलतच मोठा झाला. इटालियन तो पुढे शाळेत शिकला, तीही परकी भाषा म्हणून.

डोंगर तर दारातच होते. सुट्टी लागली की ट्रेंकर डोंगरातल्या गाईडांच्या मागे सुटायचा. कुठला कडा कुठून चढायचा, दोर कसा टाकायचा, बर्फ कुठं दगा देतो, हे सगळं तो त्यांच्यासोबत राहून शिकला. मग आर्किटेक्चर शिकायला व्हिएन्नाला गेला.

शिक्षण अर्धवट होतं तोवर १९१४ साल उजाडलं आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं.

ट्रेंकर ऑस्ट्रियाच्या तोफखान्यात भरती झाला आणि आधी पूर्वेच्या आघाडीवर गेला. पण मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि आघाडी थेट त्याच्या घराजवळच्या डोंगरांत आली. ट्रेंकरची रवानगी याच आघाडीवर झाली. पुढे तो डोंगरी गाईडांच्या खास तुकडीत लढला.

हे युद्ध भयंकर होतं. दोन्हीकडचे सैनिक सुळक्यांवर खंदक खोदून बसले होते. गोळ्यांनी मेले तसे हिमस्खलनात आणि थंडीनेही मेले. शत्रू शिखरावर आणि आपण खाली असलो, तर डोंगराच्या पोटात बोगदा खणायचा, त्यात दारूगोळा भरायचा आणि शिखरच उडवून द्यायचं, अशी ती लढाई होती. १७ एप्रिल १९१६ च्या रात्री इटालियन सैन्याने कोल दी लाना या डोंगराचा माथा असाच उडवला.

खुद्द गार्देना खोऱ्यात तर ऑस्ट्रियाने रशियन युद्धकैद्यांना राबवून काही महिन्यांत रेल्वे बांधून घेतली. कशासाठी, तर आघाडीवर रसद पोहोचावी म्हणून. आजचे ट्रेकर लोखंडी दोर आणि शिड्या धरून ज्या वाटांनी कडे चढतात, त्यातल्या काही याच युद्धात सैनिकांसाठी तयार झाल्या होत्या.

१९१८ ला युद्ध संपलं. ऑस्ट्रिया हरला, साम्राज्य फुटलं. १९१९ च्या तहात दक्षिण टायरॉल हा सगळा प्रदेश इटलीला मिळाला आणि त्यासोबत गार्देना खोरंही.

म्हणजे ज्या देशाविरुद्ध ट्रेंकर तीन वर्षं लढला, त्याच देशाचा तो आता नागरिक झाला होता. घर तेच आणि डोंगरही तेच, बदलली होती फक्त सीमा.

लादिन लोकांची अडचण तर आणखी वेगळी होती. नवं सरकार त्यांच्या भाषेला स्वतंत्र भाषा मानायलाच तयार नव्हतं, ती इटालियनचीच एक बोली आहे असं सांगितलं जायचं. म्हणून ५ मे १९२० ला पाचही खोऱ्यांतले लोक गार्देना खिंडीत जमले आणि त्यांनी निळा, पांढरा आणि हिरवा असा आपला झेंडा फडकवला. आम्ही वेगळे आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

पण ऐकतो कोण? १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. त्याच्या सरकारने ही पाच खोरी तीन वेगवेगळ्या प्रांतांत वाटून टाकली. जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं सक्तीने इटालियन झाली.

इकडे ट्रेंकरने शिक्षण पूर्ण केलं आणि बोल्झानो शहरात आर्किटेक्ट म्हणून काम सुरू केलं. क्लेमेन्स होल्त्समायस्टर या नावाजलेल्या ऑस्ट्रियन आर्किटेक्टसोबत त्याने भागीदारीही केली.

१९२४ मध्ये फ्रान्सच्या शामोनीत पहिलं हिवाळी ऑलिंपिक भरलं. बर्फाच्या घसरगुंडीवरून गाडी पळवायच्या बॉबस्ले या खेळात इटलीचा एक संघ उतरला होता, तो सहावा आला. त्या संघात ट्रेंकर होता. सहा वर्षांपूर्वी इटलीशी लढणारा माणूस आता इटलीकडून खेळत होता.

याच काळात त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली आणि तीही अगदी योगायोगाने.

आर्नोल्ड फांक नावाचा एक जर्मन डायरेक्टर डोलोमाइट्समध्ये शूटिंगसाठी आला होता. तेव्हाचे सिनेमे स्टुडिओत पुठ्ठ्याचे डोंगर उभे करून बनायचे. फांकला ते मंजूर नव्हतं. त्याचा हट्ट असा, की कॅमेरा खऱ्या कड्यावर न्यायचा आणि नटानेही खरंच चढायचं. म्हणून त्याने ट्रेंकरला गाईड म्हणून सोबत घेतलं.

शूटिंग सुरू झाल्यावर लक्षात आलं, की हिरोला चढताच येत नाही. मग फांकने गाईडलाच हिरो केलं.

सिनेमाचं नाव डेअर बेर्ग डेस शिकझाल्स, म्हणजे नियतीचा डोंगर. १९२४ मध्ये तो पडद्यावर आला. बर्लिनमधल्या एका तरुण नर्तिकेने तो पाहिला आणि तिला त्याने एवढं झपाटलं, की ती थेट डोलोमाइट्सला जाऊन ट्रेंकरला भेटली. तिचं नाव लेनी रीफेनश्टाल. १९२६ च्या डेअर हायलिगे बेर्ग, म्हणजे पवित्र डोंगर, या सिनेमात दोघं एकत्र झळकले. हीच लेनी पुढे हिटलरची लाडकी फिल्ममेकर झाली.

ट्रेंकर आता स्टार होता. रापलेला चेहरा, डोक्यावर टोपी, तोंडात पाइप आणि मागे बर्फाचं शिखर, अशी त्याची छबी झाली. १९२८ मध्ये त्याने हिल्डा फॉन ब्लायखर्टशी लग्न केलं. ती लाइपझिगच्या रोपवे बनवणाऱ्या उद्योगपतीची मुलगी. आर्किटेक्टचं काम मागे पडलं आणि सिनेमा हाच धंदा झाला.

मग तो स्वतःच डायरेक्शनमध्ये उतरला. १९३१ मध्ये बेर्गे इन फ्लामेन, म्हणजे पेटलेले डोंगर, हा सिनेमा त्याने कार्ल हार्टलसोबत केला. गोष्ट त्याच्या स्वतःच्या युद्धाची. एक टायरोलियन गाईड आणि एक इटालियन, दोघं जिगरी दोस्त, एकाच दोराला बांधून घेऊन चढणारे. युद्ध सुरू होतं आणि ते एकाच डोंगरावर एकमेकांच्या समोर उभे राहतात. एक शिखरावर, दुसऱ्याचे लोक त्याच शिखराखाली बोगदा खणतायत.

या सिनेमात शत्रू राक्षस नव्हता, तो कालचा मित्र होता. दोन्ही बाजूंचं दुःख कळणाऱ्या माणसाचाच तो सिनेमा होता.

१९३४ चा डेअर फेरलोरेने झोन, म्हणजे हरवलेला मुलगा, हा अनेकांच्या मते त्याचा सगळ्यात चांगला सिनेमा. डोंगरातला एक पोरगा नशीब काढायला न्यूयॉर्कला जातो. तिथं मंदीचे दिवस. काम नाही, खायला नाही, रस्त्यावर झोपायची वेळ येते. शेवटी तो गावाकडची वाट धरतो. ट्रेंकरने खरोखर न्यूयॉर्कमध्ये जाऊन शूटिंग केलं. डोलोमाइट्सचे सुळके पडद्यावर विरघळतात आणि त्यांच्या जागी न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात, हा त्यातला प्रसंग आजही सिनेमाच्या अभ्यासकांना आठवतो.

गाव सोडून शहरात गेलेल्या आणि तिथं एकट्या पडलेल्या कुणालाही हा सिनेमा कळेल.

पण एव्हाना जर्मनीत हिटलर आला होता.

१९३२ मध्ये ट्रेंकरने डेअर रेबेल, म्हणजे बंडखोर, हा सिनेमा केला होता. १८०९ मध्ये टायरॉलच्या शेतकऱ्यांनी नेपोलियनच्या सत्तेविरुद्ध केलेल्या उठावाची ती गोष्ट. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यावर जाम खूश झाला. मार्च १९३३ मध्ये त्याने सिनेमावाल्यांची सभा घेतली आणि आदर्श म्हणून जी चार नावं सांगितली, त्यात हा सिनेमा होता.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, ट्रेंकरसोबत हा सिनेमा दिग्दर्शित करणारा कुर्ट बर्नहार्ट ज्यू होता. निर्माता पॉल कोनर हाही ज्यू होता. ज्या सिनेमाचे गोबेल्स गोडवे गात होता, तो बनवणाऱ्यांनाच त्याच्या राजवटीत जागा उरली नाही. बर्नहार्टने १९३३ मध्येच जर्मनी सोडला. कोनर हॉलिवूडला गेला आणि तिथं त्याने युरोपातून जीव वाचवून आलेल्या कलाकारांना मदत करणारा फंड उभा केला.

ट्रेंकर मात्र जर्मनीतच काम करत राहिला.

त्याचं छान चाललं होतं. १९३६ मध्ये त्याने डेअर कायझर फॉन कालिफोर्निएन, म्हणजे कॅलिफोर्नियाचा सम्राट, हा सिनेमा केला. त्यासाठी तो ग्रँड कॅनियनपर्यंत जाऊन आला. व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये याच सिनेमाला सर्वोत्कृष्ट परदेशी सिनेमाचा मुसोलिनी चषक मिळाला. इटलीचा नागरिक, जर्मनीचा सिनेमा आणि मुसोलिनीच्या नावाचा पुरस्कार. दोन्ही डगरींवर पाय ठेवून गडी मजेत उभा होता.

मग १९३९ मध्ये या दोन्ही डगरी एकदम सरकल्या.

हिटलरला मुसोलिनीची दोस्ती हवी होती आणि मुसोलिनीला दक्षिण टायरॉलमधले जर्मन बोलणारे लोक नको होते. दोघांनी तोडगा काढला. तिथल्या लोकांनी ३१ डिसेंबर १९३९ पर्यंत ठरवायचं. जर्मनी निवडायचा आणि घरदार सोडून तिकडं जायचं, नाहीतर इटलीत राहायचं आणि जर्मन म्हणून असलेली ओळख विसरायची. गार्देनातल्या लादिन लोकांपुढेही हाच पेच टाकला गेला. म्हणजे जे धड जर्मनही नव्हते आणि इटालियनही नव्हते, त्यांनीही दोघांपैकी एक व्हायचं.

घराघरांत फूट पडली. एक भाऊ जाणार, दुसरा राहणार. जाणारे राहणाऱ्यांना गद्दार म्हणायला लागले आणि राहणारे जाणाऱ्यांना मातीशी बेइमान म्हणायला लागले. बहुसंख्य लोकांनी जर्मनी निवडला. प्रत्यक्षात साधारण ७५ हजार लोकांनी प्रदेश सोडला, कारण मध्येच युद्धाचं पारडं फिरलं.

या सगळ्यात लोकांचे डोळे ट्रेंकरकडे लागले होते. मातीशी इमान आणि घराची ओढ यावर ज्याने सिनेमे काढले, तो काय निवडणार?

ट्रेंकर गप्प बसला. जर्मनी निवडला तर इटलीतलं घर आणि डोंगर जाणार, इटली निवडली तर जर्मनीतलं करिअर जाणार. तो वेळ काढत राहिला. बर्लिनला हा कचरणारा हिरो खुपायला लागला आणि गोबेल्सची मर्जी फिरली. १९४० मध्ये आलेला डेअर फॉयरटॉयफेल, म्हणजे आगीचा सैतान, हाही नेपोलियनविरुद्धच्या उठावाचा सिनेमा. पण आता युरोप जिंकत सुटलेला हुकूमशहा म्हटलं की लोकांना दुसरंच कुणीतरी आठवेल, हे नाझींच्या लक्षात आलं.

अखेर १९४० मध्ये ट्रेंकर वाकला. त्याने जर्मनी निवडला आणि नाझी पक्षाचं सदस्यत्वही घेतलं.

पण उशिरा घेतलेल्या या निर्णयाने कुणाचंच समाधान झालं नाही. नाझींना तो संधिसाधू वाटला. गावाकडे राहिलेल्यांना तो विकला गेलेला वाटला. गेर्मानिन नावाच्या एका प्रचारी सिनेमात त्याने काम केलं आणि मग तो रोमला निघून गेला. जर्मनीतली त्याची सद्दी संपली होती.

युद्धानंतर त्याने आणखी एक घोळ घातला. हिटलरची जोडीदार इव्हा ब्राउन हिची डायरी आपल्याकडे आहे, तिनेच ती आपल्याला दिली होती, असा दावा त्याने केला. फ्रान्समध्ये ती छापून आली आणि खळबळ उडाली. इव्हाचं कुटुंब आणि लेनी रीफेनश्टाल कोर्टात गेले. १९४८ मध्ये म्युनिचच्या कोर्टाने ती डायरी बनावट ठरवली. ज्या लेनीसोबत तो एकेकाळी पडद्यावर झळकला होता, तीच आता त्याच्या विरोधात कोर्टात उभी होती.

एखाद्याचं नाव इथंच संपलं असतं. पण ट्रेंकरकडे एक हुकमी पत्ता शिल्लक होता, तो म्हणजे गोष्ट सांगायची हातोटी.

तो पुन्हा आपल्या डोंगरांकडे वळला. छोट्या डॉक्युमेंटरी केल्या. १९५५ मध्ये त्याने फ्लुख्ट इन डी डोलोमिटेन, म्हणजे डोलोमाइट्समध्ये पलायन, हा सिनेमा काढला. त्याच्या पटकथेवर काम करणाऱ्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेला पिअर पाओलो पासोलिनी होता. १९५९ च्या सुमारास ट्रेंकर जर्मन टीव्हीवर आला. हातवारे करत, डोळे मोठे करत तो डोंगरातले किस्से सांगायचा आणि लोक टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. नव्या पिढीला तो एक मिश्कील आजोबा म्हणून माहीत झाला. १९४० साली काय घडलं, हे त्या किस्स्यांत फारसं यायचं नाही.

१२ एप्रिल १९९० ला बोल्झानोत वयाच्या ९७ व्या वर्षी तो गेला. त्याला ऑर्तिसेईत, जन्मगावी पुरण्यात आलं.

आता प्रश्न उरतो, तो नक्की कोण होता? व्हिलन म्हणावं तर त्याने कुणाचा जीव घेतला नाही, द्वेषाची भाषणं ठोकली नाहीत. हिरो म्हणावं तर सोबतचे लोक देशोधडीला लागत असताना तो पुढच्या सिनेमाची तयारी करत होता. भूमिका घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने ती लांबवली आणि वेळ टळून गेल्यावर चुकीच्या बाजूची घेतली. नाव, पैसा आणि ओळखी असलेल्या माणसाची ही गत होती. ज्याच्याकडे फक्त दोन गाई आणि लाकूड कोरायची पटाशी होती, त्या शेतकऱ्याने १९३९ च्या त्या डिसेंबरात काय सोसलं असेल, याचा अंदाज करा.

त्याच्या खोऱ्याने मात्र पुढे वेगळा मार्ग शोधला.

१९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाने करार केला आणि या प्रदेशाला स्वायत्तता द्यायचं ठरलं. १९४८ पासून गार्देना आणि शेजारच्या बादिया खोऱ्यातल्या शाळांसाठी खास व्यवस्था लागू झाली. निम्मे विषय जर्मनमधून, निम्मे इटालियनमधून आणि सोबत लादिन. आज तिथलं पोरगं तीन भाषा बोलतच शाळेतून बाहेर पडतं. यातली तुझी कुठली, एकच सांग, असं त्याला कुणी विचारत नाही.

२००९ मध्ये डोलोमाइट्स युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. हिवाळ्यात लोक स्की लावून सेला पर्वताला प्रदक्षिणा घालतात, तिला सेलारोंदा म्हणतात. एका दिवसात चार खिंडी पार होतात आणि गार्देना, बादिया, फोदोम आणि फास्सा ही चार लादिन खोरी लागतात. मुसोलिनीच्या काळात तीन प्रांतांत वाटलेली ही खोरी आजही कागदोपत्री वेगवेगळ्या प्रांतांतच आहेत. स्कीवर घसरत जाणाऱ्याला ती सीमा कधी ओलांडली, हे कळतही नाही.

सेचेदाचा फोटो काढायला कधी गेलात, तर खाली उतरल्यावर ऑर्तिसेईतल्या म्युझियम घर्देइनामध्ये नक्की जा. जुन्या लाकडी बाहुल्या आणि मूर्तींच्या जोडीने ट्रेंकरचा ठेवाही तिथं जपून ठेवलाय. आणि गावात शिरताना पाटी नीट बघा. एकाच गावाची तिन्ही नावं एकाखाली एक लिहिलेली दिसतील.